मदत हवी आहे: ब्रिटनचं परदेशी मदत खातं बंद झाल्यावर कामात काय बदललं?

नमस्कार मंडळी,
आमच्या अभ्यासगटात मला ब्रिटनच्या परदेशी मदतीवर बोलायचं आहे, आणि एका ठिकाणी अडले आहे.

ब्रिटनने मलेशियातल्या पेर्गाव धरणाला दिलेला पैसा शस्त्रविक्रीशी जोडला गेला होता. 1994 मध्ये ब्रिटनच्याच न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. पुढे 1997 मध्ये 'डीएफआयडी' हे परदेशी मदतीचं स्वतंत्र खातं झालं, क्लेअर शॉर्ट त्याच्या पहिल्या मंत्री. 2002 च्या कायद्याने तर गरिबी कमी करणं हाच मदतीचा हेतू ठरवला. मला हे फार मोलाचं वाटतं: गरिबांच्या नावाचा पैसा व्यापाराच्या दावणीला बांधायचा नाही!

सप्टेंबर 2020 मध्ये मात्र हे खातं परराष्ट्र खात्यात विलीन झालं. 2021 मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यांवरून 0.5 वर आली. 2027 पर्यंत ती 0.3 वर नेण्याची घोषणाही झाली आहे. त्यातच ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांच्या पहिल्या वर्षाचा खर्चही याच हिशेबात धरतात.

आकडे मिळतात हो, रोजचा कारभार कळत नाही. आफ्रिकेत किंवा दक्षिण आशियात ब्रिटिश निधीवरच्या प्रकल्पात कुणी काम केलंय का? विलीनीकरणानंतर प्रकल्पाला मंजुरी कोण देऊ लागलं, राजदूत की विकासाचे जाणकार? चालू कामं मधेच थांबली का? लंडनमधल्या कुणाला हे आतून माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा.