तारण घर आणि बँकेची नोटीस: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

फ्लॅट १०२: सर्वांना नमस्कार. धाकट्या दिरांच्या व्यवसायाच्या कर्जासाठी आम्ही आमचा फ्लॅट तारण दिला होता. हप्ते थकल्यामुळे काल बँकेची ६० दिवसांची नोटीस आली आहे. वसुलीची माणसे रात्री नऊनंतर दारात येतात. आता घर खाली करावे लागेल का?

फ्लॅट ३०१: वहिनी, ही नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली दिलेली ही पहिली पायरी आहे. या ६० दिवसांत, शक्य तितक्या लवकर, रकमेबद्दल किंवा व्याजाबद्दल जो आक्षेप असेल तो लेखी देऊन पोच घ्या, कारण त्यावर १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. नोटीस कपाटात ठेवून गप्प बसणे हेच सर्वांत महागात पडते. शाखेत तोंडी झालेल्या बोलण्याला पुढे काहीच आधार राहत नाही.

वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, मग रात्री दार ठोठावणे कसे चालेल? तारीख, वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

फ्लॅट २०४: काका, इथे बेळगावातच टिळकवाडीतल्या आमच्या नात्यात बँकेने ताबाच घेतला होता. त्यानंतर काही करता येते का?

फ्लॅट ३०१: येते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. बेळगावच्या दिवाणी न्यायालयातून या कारवाईला सहसा स्थगिती मिळत नाही, त्यामुळे तिथे दिवस घालवू नयेत. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळे देणे खर्चासह भरले, तर घर सोडवता येते. ही जाहिरात स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रातही येते आणि आपल्याकडे ती बहुधा कन्नडमध्ये असते, म्हणून केवळ मराठी पेपर वाचणाऱ्यांनी विशेष लक्ष ठेवावे. खानापूरकडे ज्यांची शेती आहे त्यांनाही सांगतो, शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही.

फ्लॅट १०२: वकिलांचा खर्च आम्हाला झेपणार नाही.

फ्लॅट ३०१: महिलांना जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. उद्या नोटीस, कर्जाचा करार आणि खात्याचा उतारा घेऊन या, आक्षेपाचा मसुदा आपण मिळून लिहू.