मदत हवी आहे : वॉकरची बढती का अडली, याचे मूळ कागद

ब्रिटिश नौदलातल्या फ्रेडरिक जॉन वॉकरवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. युद्धकाळ हाताशी आहे: १९४१ मध्ये 'स्टॉर्क' या युद्धनौकेवर नेमणूक, डिसेंबरात जिब्राल्टरहून निघालेल्या एचजी ७६ या व्यापारी जहाजांच्या ताफ्याचं रक्षण, जून १९४२ मध्ये कॅप्टन, पुढे 'स्टार्लिंग' ही युद्धनौका. १९४४ च्या सुरुवातीला तर एकाच फेरीत त्याच्या गटाने सहा जर्मन पाणबुड्या बुडवल्या.

गाडी अडते ती युद्धाआधीच्या दशकात. पाणबुडीविरोधी कामात मुरलेला माणूस, तरी कॅप्टनच्या खालच्या, कमांडरच्या हुद्द्यावरच अडकला. (तोफखानावाल्यांची चलती होती म्हणे, पण एवढ्यावर भागत नाही.)

'लंडन गॅझेट' हे सरकारी राजपत्र चाळलं. त्यात बढत्या नि पदकं आहेत, कारणं नाहीत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवरच्या जुन्या नेव्ही लिस्टमध्ये (नौदल अधिकाऱ्यांच्या छापील याद्या) हुद्दा आणि ज्येष्ठतेची तारीख मिळते, बस्स. चरित्रांतले दाखले नकोत. लंडनला जाणं शक्य नाही, तिथे संशोधक नेमण्याइतकं मानधनही नाही.

लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमधले एडीएम १९६ या मालिकेतले नौदल अधिकाऱ्यांचे सेवापट कुणी उतरवून घेतलेत का? १९०९ साली कॅडेट झालेल्याच्या पानावर वरिष्ठांचे १९३० नंतरचे शेरेही असतात, की नुसत्या नेमणुका?