प्रति: फ्लॅशने नवीन काय केलं?

वर कुणी म्हटलंय की हिप-हॉप डीजे फ्लॅशने त्याच्या आधीचा डीजे कूल हर्क याचीच नक्कल केली. नाही पटत. हर्क ब्रेक (गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा) लांबवायचा, पण रेकॉर्डवर सुई नजरेच्या अंदाजाने टेकवायचा, त्यामुळे ताल तुटायचा. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये वाढलेला, शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला ग्रँडमास्टर फ्लॅश (जोसेफ सॅडलर, जन्म १९५८, बार्बाडोस) इथेच पुढे गेला. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती, ब्रेकच्या जागी क्रेयॉनची खूण. एक वाजतेय तोवर दुसरी ब्रेकच्या सुरुवातीपर्यंत मोजून तेवढेच फेरे उलटी फिरवायची, हेडफोनवर ऐकायची, मग बरोबर तालावर सोडायची. रेकॉर्डखालची रबरी मॅट मात्र रेकॉर्डला धरून ठेवते, हात लावला की प्लॅटरही (खालची फिरती तबकडी) अडतो. म्हणून त्याने फेल्टला (दाबून केलेल्या जाड कापडाला) खळ देऊन रेकॉर्डखाली ठेवायला कडक, निसरडी चकती बनवली. खरी करामत ही! स्क्रॅचिंगचं (रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासून आवाज काढण्याचं) श्रेय मात्र डीजे ग्रँड विझर्ड थिओडोरला द्यायला हवं.