टीएसएच अचानक घटला तर बायोटिनचाही विचार व्हावा
थायरॉक्सिन (थायरॉइडचे संप्रेरक) गोळीतून घेत असताना, लक्षणे काहीच नसूनही टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे, थायरॉक्सिन जास्त झाल्यास घटणारे संप्रेरक) एकदम कमी आला, तर गोळीची मात्रा जास्त होत असावी, ही शंका रास्त आहे. मात्र ती मात्रा घटवण्यापूर्वी केसांसाठी बायोटिनच्या (एक ब जीवनसत्त्व) गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. अनेक चाचण्या बायोटिन व स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला चिकटणारे प्रथिन) यांच्या घट्ट बंधावर आधारलेल्या असल्याने रक्तातील जादा बायोटिन त्यात ढवळाढवळ करते आणि टीएसएच खोटा कमी, तर टी४ (रक्तातील थायरॉक्सिन) खोटा जास्त दिसू शकतो. (हृदयविकाराच्या निदानासाठी रक्तात मोजले जाणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही असेच फसवे कमी येऊ शकते, आणि ते अधिक धोक्याचे.) प्रौढांना रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, या गोळ्यांत अनेकदा ५ ते १० मिलिग्रॅम असते. डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस बायोटिन थांबवावे व चाचणी पुन्हा करावी.