मदत हवी आहे: दहा बाय साडेतेराच्या हॉलमध्ये दिवाण आणि घडीचं टेबल घरीच करायचंय

नमस्कार मंडळी,

पुण्यात धायरीला आमचा वन बीएचके आहे. तिसरा मजला, लिफ्ट अगदी लहान. आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतली लेक. सासूबाई हॉलमध्ये झोपतात. लेकीला अभ्यासाला म्हणून जागाच नाही, आतल्या पलंगावर मांडीवर उशी घेऊन लिहीत बसते. पुढच्या वर्षी दहावी आहे, त्याआधी हे सोडवायचंय.

हॉलमधला लोखंडी पलंग काढून त्या जागी खाली सामान राहील असा दिवाण, आणि लेकीसाठी भिंतीला घडी होणारं टेबल, असं ठरवलंय. दोन्ही मीच करणार आहे. माझे वडील सुतारकाम करायचे. सुट्टीत फळी धरून उभं राहायचं आणि रंध्याच्या ढलप्या गोळा करायच्या हे माझं काम. त्यांची करवत, दोन पटाश्या आणि गुण्या माझ्याकडे आहेत, ड्रिल मशीन मी घेतलंय. आत्तापर्यंत दोन स्टुलं आणि चपलांचं एक कपाट केलंय.

त्या कपाटात एक चूक महागात पडली. खणाची आतली रुंदी मोजली आणि ड्रॉवर जवळजवळ तेवढाच कापला. चॅनेलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्ट्यांना, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो हे लक्षातच आलं नाही. फेविकॉल वाळलेला, स्क्रू बसलेले. उकलताना बाजूच्या फळीचे पापुद्रे निघाले आणि ती फुकट गेली. यावेळी माल बराच लागणार आहे, म्हणून कापायच्या आधी विचारतेय.

आधी कागदावर आखलं तेव्हा सगळं छान बसत होतं. मग वर्तमानपत्रं मापात कापून जमिनीवरच चिकटवली: दिवाण ७२ बाय ३६ इंच, कारण गादी तेवढी आहे; टेबलाची फळी ३६ बाय २०; आणि खुर्ची मागे ओढल्यावर लागणारी जागा. तीन दिवस सगळे त्यांच्या कडेकडेनं चाललो. चौथ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर खुर्चीच्या कागदाचा कोपरा टराटरा फाटलेला. रात्री सासूबाई वॉकर घेऊन बाथरूमकडे जातात, त्यांची वाट नेमकी तिथूनच जाते. वॉकर मोजला तर २५ इंच भरला, आणि पॅसेजच्या तोंडाशी वळताना त्यांना ३० तरी लागतात. त्या काही बोलल्या नसत्या. खुर्ची सरकवून सरकवून गेल्या असत्या, रात्री दोन वाजता, अंधारात. त्या दिवसापासून माझ्यासाठी ही वाट आधी, फर्निचर नंतर. टेबल आता हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर न्यावं लागतंय.

तिथेच माझा पहिला प्रश्न. ती भिंत चार इंची आहे आणि ठोकून पाहिली तर पोकळ आवाज येतो. १८ मिमी प्लायची ती फळी साडेपाच किलोच्या आसपास भरेल, वर पुस्तकं आणि कोपर टेकून बसलेली मुलगी. भिंत हे पेलेल का? टेबलाची उंची २९ इंच धरलीय. फळी खाली सोडली की जमिनीपासून ९ इंच वर राहते, म्हणजे झाडू-पोछा खालून जातो. तेवढं मात्र मनासारखं जमलंय.

दुसरा प्रश्न दिवाणाचा. वरची फळी उचलायची करू की ड्रॉवर? सासूबाई दुपारीही पडलेल्या असतात, दर वेळी त्यांना उठवायचं माझ्या जिवावर येतं. पण ड्रॉवर केले तर ते वाटेत उघडणार.

तिसरा, प्लाय कुठला घेऊ? भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन आले. एका दुकानात म्हणाले साधा एमआर चालेल, शेजारचा म्हणाला ७१० (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय) शिवाय हात लावू नका. किमतीत चांगलाच फरक आहे.

जाणकारांनी कृपया सांगा.

सागवानी:

ताई, भिंतीचं आधी बघून घ्या. टेबलाच्या मागे झाकलं जाईल अशा ठिकाणी एक बारीक भोक पाडा आणि पूड बघा. लाल आली तर वीट. पांढरट, पिठासारखी मऊ आली तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. सिपोरेक्स असेल तर ड्रिलचं हॅमर बंद ठेवूनच भोकं पाडा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग आत गोल गोल फिरत राहतो. नेहमीचे छोटे प्लग तिथे धरत नाहीत, लांब नायलॉनचे घ्या.

खरं सांगायचं तर मी सगळं वजन भिंतीवर टाकणारच नाही. फळीखाली बिजागरीवर फिरणारा एक पाय द्या, उघडला की जमिनीवर टेकेल. मुलं टेबलाच्या पुढच्या कडेवर रेलतात, आणि तिथे दिलेला भार मागच्या स्क्रूंना उपटायला बघतो. पाय असला की तो भार जमीन घेते, भिंतीनं फक्त मागची कड धरायची.

मुठाकाठ:

दिवाणाला दोन्ही करा. ३६ इंच खोल खोक्यात १८ इंची चॅनेलचा ड्रॉवर निम्म्यापर्यंतच जातो. पुढच्या निम्म्यात ड्रॉवर ठेवा, रोजचे कपडे, औषधं, चादरी त्यात. मागच्या निम्म्यावर बोट घालायला भोक पाडलेल्या सुट्या फळ्या टाका, बिजागरीसुद्धा नको. गोधड्या, दिवाळीचे कंदील असलं वर्षातून दोनदा लागणारं सामान मागे. ते काढायचं तेव्हा गादी पुढे गुंडाळली की झालं. ड्रॉवर वाटेत उघडले तरी ते दिवसा आणि मिनिटभरासाठीच.

प्लायबद्दल: एमआर दमट हवा सोसतो, पाणी सोसत नाही. पुण्याच्या हॉलमध्ये तो चालतो. पण दिवाणाची खालची कड रोज पोछ्याच्या पाण्यात भिजणार आणि प्लाय कडेतूनच पाणी पितो. म्हणून दिवाण दोन इंची पायांवर उचला आणि खालच्या कडा पट्टी लावून बंद करा. एवढं केलंत तर ७१० चे पैसे वाचतील. वाळवीचं औषध मात्र आतून मारून घ्याच.

आणि कापणी दुकानातच करून घ्या. १८ मिमीची आठ बाय चारची शीट ३५ किलोच्या घरात जाते. लिफ्टमध्ये मावणार नाही आणि जिन्याच्या वळणावर हाल होतील.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी भोक पाडलं, पांढरी पूड आली. म्हणजे सिपोरेक्सच. टेबलाला पाय देतेय.

दिवाणाचं दोन्ही मिळून करायचं हे मला सुचलंच नव्हतं. सासूबाईंना वर्तमानपत्रावर बसवून दाखवलं, कुठला ड्रॉवर कुठे येईल ते. औषधांचा उशाकडे हवा म्हणाल्या. काल रात्री कापणीची यादी केली. वरच्या फळीसाठी १८ इंचाच्या दोन पट्ट्या आणि पाठीसाठी १२ इंचाची एक, म्हणजे बरोबर ४८, चार फुटांची शीट पुरते. ड्रॉवरच्या खणासाठी ७२ चे निम्मे ३६ धरलेत आणि चॅनेलचा एक इंच वजा केलाय. ही यादी दुकानात देऊ का?

सागवानी:

थांबा, देऊ नका. करवतीचं पातं दर कापाला साधारण ३ मिमी खातं. दोन काप म्हणजे ६ मिमी गेले, तुमची तिसरी पट्टी कमी भरणार. इंच सोडा, मिमीत लिहा: ४५६, ४५६ आणि २९८. शीट १२२० ची असते, कडा साफ करायला थोडं उरेल. २९८ चं खोकं, वर १८ ची फळी, खाली ५० चे पाय आणि तुमची गादी चार इंची असेल तर बसायची उंची १८ इंचांच्या थोडी वर जाते. वयस्क माणसाला उठायला ती बरी.

खणाचं मापही चुकलंय, जाडी राहिली. बाहेरून १८२९, त्यातून दोन बाजू आणि मधलं पार्टिशन मिळून ५४ गेले, उरले १७७५. एक खण ८८७ चा. त्यातून चॅनेलचे २६ काढा. ड्रॉवर बाहेरून ८६१. सनमायका आतून लावणार असाल तर त्याची जाडीही यातून वजा करा. आणि ड्रॉवर आत्ता कापूच नका. खोकं उभं करा, खण पुढून आणि मागून दोन्हीकडे मोजा, त्यातलं लहान माप धरा, मगच दुसरी शीट आणा.