गिटमधल्या 'कमिट'ला मराठीत काय म्हणावं?

पवईची: आमचा गट हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी शंख-शिंपल्यांची मोजदाद करतो. आकडे आणि त्यांचा कोड गिटवर, म्हणजे फाईलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीवर असतो. केलेले बदल त्या इतिहासात टिपणं म्हणजे कमिट. नव्या मुलांसाठीच्या टिपणात मी 'कमिट करा'ऐवजी 'नोंद करा' लिहिलं. एका मुलीने तक्ता भरला, फाईल सेव्ह केली आणि 'नोंद झाली' असं कळवलं. तिचं काय चुकलं? मोजणीलाही आपण नोंदच म्हणतो. आठवडाभराचे आकडे तिच्याच लॅपटॉपवर राहिले.

दादरकर: 'कमिट'च ठेवा. शिवाय कमिट केलं तरी ते आपल्याच यंत्रावर राहतं, पुश केल्याशिवाय, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात पाठवल्याशिवाय, गटाला दिसत नाही. टिपणात हा फरक आधी सांगा.

काळबादेवी: माझे वडील कापडाच्या पेढीवर कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायचे. त्यात खाडाखोड चालत नसे. रक्कम चुकली तर खाली उलट नोंद घालायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. गिटचं रिव्हर्ट नेमकं हेच करतं, जुनं कमिट न पुसता त्याला उलटवणारं नवं घालतं. तारीख, नाव, तपशील सगळं तसंच. 'कीर्दीला घालणे' म्हणा!

विलेपार्ले: कीर्द फारसी आहे. 'निश्चिती' घ्या. सावरकरांचा 'महापौर' रुळलाच ना?

दादरकर: महापौर रुळला, कारण पालिकेने तो वापरला. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसीला संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी आपण आजही 'अर्ज' करतो आणि 'हजर' राहतो. आणि 'निश्चिती' कशाची? कमिट तर अर्ध्या कामाचंही करतात.

पवईची: हो, रोज संध्याकाळी करा असंच आम्ही सांगतो. 'कीर्द' मला आवडला, पण एकोणीस वर्षांच्या मुलांनी तो ऐकलेलाच नसेल.

काळबादेवी: 'कमिट' तरी त्यांनी गिटआधी कुठे ऐकलं होतं? वचन देण्याच्या अर्थाने, आणि तो इथे उपयोगाचा नाही.

गोरेगाव: जुन्या कागदांत कीर्द म्हणजे लागवड. 'मुलूख कीर्दमहामूर' म्हणजे पिकता, भरभराटीचा.

काळबादेवी: हे नवीनच कळलं! शेतातली कीर्द आणि पेढीवरची कीर्द मूळ एकच का? फारसीत 'करणे'ला 'कर्दन' म्हणतात, दोन्ही तिथूनच आल्या असाव्यात असं मला वाटतं.

विलेपार्ले: उच्चार 'किर्द' की 'कीर्द', तेही सांगा. आमच्याकडे ऱ्हस्वच म्हणायचे.