जुन्या श्वानोमातील विचित्र केंद्रके: ‘सौम्य’ म्हणावे का?

प्रश्न (निवासी डॉक्टर, पॅथॉलॉजी)
पन्नाशीतल्या एका रुग्णाच्या कोपराच्या आतल्या बाजूला बरीच वर्षे हळूहळू वाढलेली ३ सेंटिमीटरची गाठ चरबीची समजून काढण्यात आली. कापल्यावर ती पिवळसर निघाली, मध्ये रक्तस्रावाचे डाग आणि एक पोकळी होती. स्लाइडवर स्पिंडल (चातीसारख्या लांबट) पेशींमध्ये मोठी, काळपट, वेडीवाकडी केंद्रके जागोजागी आहेत, परंतु पेशीविभाजन शोधूनही सापडत नाही. अशा केंद्रकांकडे पाहून ‘सौम्य’ लिहायला हात धजत नाही. काय करावे?

उत्तर (हिस्टोपॅथॉलॉजिस्ट)
केवळ केंद्रकांच्या कुरूपतेवरून गाठीला घातक ठरवू नये. वर्षानुवर्षे राहिलेल्या श्वानोमात, म्हणजे मज्जातंतूभोवतीच्या श्वान पेशींच्या सौम्य गाठीत, ऱ्हासामुळे असे बदल होतात आणि ॲकरमन व टेलर यांनी १९५१ मध्येच अशा गाठींना ‘एन्शंट’ (जुनाट) म्हटले होते. आवरण अखंड आहे का, दाट अँटोनी-ए आणि विरळ अँटोनी-बी भाग दिसतात का, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व काचेसारख्या झाल्या आहेत का, हे आधी पाहा. व्हेरोके बॉडी, म्हणजे समोरासमोर रांगेत उभी राहिलेली केंद्रके आणि त्यांच्यामधला गुलाबी पट्टा, जुन्या गाठीत अनेकदा हरवलेल्या असतात. त्यामुळे त्या न दिसल्या म्हणून निदान सोडू नका. विभाजने वाढलेली, पेशी सर्वत्र दाटलेल्या आणि नेक्रोसिस (पेशी मेलेला भाग) भौगोलिक नकाशासारखा पसरलेला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

प्रश्नकर्ती
आभारी आहे, सर. आवरण अखंड आहे. श्वान पेशींची खूण असलेली एस-१०० आणि सॉक्स-१० ही प्रथिने सर्वत्र गडद आली. न्यूरोफिलामेंटने रंगलेले अक्षतंतू (मज्जापेशींचे लांब धागे) फक्त आवरणाखाली, एका कडेला दिसतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या करंगळीला मुंग्या येत आहेत, असे कळले.

उत्तर (शल्यचिकित्सक)
मग ती अल्नर मज्जातंतूची, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूची, गाठ होती, हे उघड आहे. गाठ आडवी हलते पण मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने हलत नाही, आणि टिचकी मारल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, एवढे आधी तपासले असते तर पुष्कळ काही टळले असते. श्वानोमात अक्षतंतू कडेला ढकलले जातात, म्हणून आवरण उघडून गाठ सोलून काढता येते. न्यूरोफायब्रोमात, म्हणजे मज्जातंतूच्या दुसऱ्या प्रकारच्या सौम्य गाठीत, ते गाठीतूनच जातात, म्हणून तेथे सोलणे अवघड. आपल्याकडे कोपराजवळ अल्नर जाड लागली की कुष्ठरोग आठवायलाच हवा, पण त्यात सहसा दोरीसारखा लांबट जाडपणा आणि त्वचेवर बधिर चट्टा असतो.

उत्तर (हिस्टोपॅथॉलॉजिस्ट)
अहवालात ‘श्वानोमा, ऱ्हासजन्य बदलांसह, घातकतेचा पुरावा नाही’ असे स्पष्ट लिहा. ‘अटिपिकल’ (नेहमीपेक्षा वेगळे) हा शब्द एकटा लिहिलात, तर रुग्णावर विनाकारण दुसरी, मोठी शस्त्रक्रिया होण्याचा धोका आहे. अन्यत्र गाठी आहेत का, ऐकू कमी येते का, हेही विचारायला सांगा; श्वानोमा एकाहून अधिक असतील, तर २२व्या गुणसूत्राशी संबंधित आनुवंशिक विकाराची तपासणी करावी लागेल.